वरुणा ओलांडली की सारनाथ

काशीला गेलेला मराठी माणूस घाट पाहतो, विश्वनाथाचे दर्शन घेतो, गडूत गंगा भरून घेतो आणि परतीची गाडी पकडतो. हाताशी एखादा दिवस शिल्लक राहिला, तर उतरलेल्या ठिकाणचा मॅनेजर हमखास सुचवतो, "सारनाथ देख आइए." अंतर जेमतेम दहा किलोमीटर. भाड्याची मोटार केली तर सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परत येता येते. पण सारनाथ नीट पाहायचे असेल तर अख्खा दिवस हवा आणि थोडी माहितीही सोबत हवी. नाही तर 'विटांचे चौथरे पाहिले' एवढेच घरी येऊन सांगावे लागते.

नाशिकचे एक कुटुंब असेच एका सकाळी सारनाथला निघाले होते. आजी, त्यांचा मुलगा, सून आणि सातवीतली नात. आजींचे यजमान चार महिन्यांपूर्वी गेले होते. आयुष्यभर पोस्टात नोकरी केलेला साधा, शिस्तीचा माणूस. निवृत्त झाल्यावर काशीला जायचे, असे ते नेहमी म्हणत. पण आधी मुलाचे लग्न, मग घराची डागडुजी, मग गुडघे, असे करता करता ते राहूनच गेले. म्हणून रामकुंडावर अस्थी सोडताना आजींनी थोड्या काशीसाठी बाजूला ठेवायला लावल्या होत्या.

तो विधी आदल्या दिवशी पार पडला होता. काशीत ब्रह्मा घाट, दुर्गा घाट या भागांत मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. तिथल्या गुरुजींनी नाव, गाव, गोत्र विचारले आणि आतून एक जाडजूड जुनी वही आणली. पाने उलटता उलटता त्यांचे बोट एका ओळीवर थांबले. आजींच्या सासऱ्यांची मोडीतली सही! शाई विटली होती, पण वळण स्पष्ट होते. त्याच घराण्याच्या नावाखाली गुरुजींनी नवी नोंद केली. मग होडीतून मध्यावर जाऊन कलश रिकामा केला. फुले क्षणभर पाण्यावर तरंगली आणि प्रवाहाबरोबर निघून गेली. आजी रडल्या नाहीत. "सुटले बिचारे," एवढेच म्हणाल्या.

रात्री मुलाने जरा चाचरतच विषय काढला. नाशिकची इमारत पाडून नवी बांधायची होती. महिनाअखेर घर रिकामे करून द्यायचे होते.

"आई, अप्पांच्या ट्रंकेतल्या वह्यांचं काय करायचं? रद्दीवाल्याला सांगून ठेवू का?"

त्या ट्रंकेत चाळीस वर्षांच्या रोजनिशा होत्या. दर रात्री जेवण झाले की अप्पा दिव्याखाली बसून चार ओळी लिहीत. त्या काय लिहितात हे घरात कोणी कधी विचारले नव्हते.

"सांग बाबा," आजी म्हणाल्या. "माणूसच गंगेला मिळाला. वह्या ठेवून काय करायचंय?"

विषय तिथेच मिटला. सुनेला मात्र वाटून गेले, आईंनी उत्तर फारच लवकर दिले.

सकाळी गाडी गल्लीबोळांतून बाहेर पडून मोठ्या रस्त्याला लागली आणि थोड्याच वेळात एका पुलावर आली. खाली काळपट, संथ पाणी होते. "ये वरुणा है, माताजी," ड्रायव्हरने सांगितले. वरुणा आणि असी या दोन नद्यांच्या मधली नगरी ती वाराणसी, अशी नावाची फोड परंपरेने सांगतात.

सून शाळेत इतिहास शिकवते. निघण्यापूर्वी तिने सारनाथविषयी मिळेल ते वाचून काढले होते. ती म्हणाली, "या नदीच्या पाण्यात सारनाथच्या मूर्ती आहेत. एकोणिसाव्या शतकात इथे पूल बांधताना खांबांना पाण्याचा मार लागू नये म्हणून सारनाथहून अठ्ठेचाळीस मूर्ती आणि कोरीव दगड आणून नदीत टाकले. पुढे दुसऱ्या, लोखंडी पुलाच्या वेळी आणखी पन्नास-साठ गाड्या दगड आणले."

"मूर्ती? नदीत?" नातीने काच खाली करून बाहेर पाहिले. "कोणी थांबवलं नाही?"

"कोणाला त्या आपल्या वाटल्याच नाहीत," तिची आई म्हणाली.

सारनाथच्या अलीकडे उजाड टेकाडासारखा दिसणारा चौखंडी स्तूप लागतो. बोधगयेला ज्ञानप्राप्ती झाल्यावर गौतम बुद्ध सुमारे अडीचशे किलोमीटर चालत इकडे आले. त्यांचे पाच जुने सोबती इथल्या मृगवनात तप करीत होते. गौतमाने कठोर उपास सोडले म्हणून ते रागावले होते. तो आला तर उठून उभे राहायचे नाही, असे त्यांनी ठरवले होते. पण तो जवळ आला आणि पाचही जण आपोआप उठले. ती भेट इथे झाली असे मानतात. स्तूपाच्या माथ्यावरचा अष्टकोनी मनोरा मात्र मोगल काळातला. हुमायून एकदा इथे येऊन गेला होता. त्या आठवणीसाठी अकबराच्या कारकिर्दीत, १५८८ साली, राजा तोडरमलाच्या मुलाने, गोवर्धनाने तो बांधला.

मुख्य अवशेषांच्या आवारात शिरल्यावर आधी डोळ्यांत भरतो तो धामेक स्तूप. जमिनीपासून उंची सुमारे ३४ मीटर, बुंध्याचा व्यास २८ मीटर. खालच्या भागात दगड आहेत आणि ते लोखंडी पट्ट्यांनी एकमेकांना जखडलेले आहेत. वरचा भाग विटांचा. दगडांवर गुप्तकाळातली वेलबुट्टी अजून ठसठशीत दिसते. पाच सोबत्यांपुढे बुद्धांनी पहिले प्रवचन दिले ते याच परिसरात, आषाढी पौर्णिमेला. आपण ज्या दिवशी गुरुपौर्णिमा साजरी करतो तोच हा दिवस.

पण आवाराचा बराचसा भाग म्हणजे गुडघाभर, कमरेएवढ्या भिंती. मध्ये चौक आणि भोवती लहान लहान खोल्या. नात दोन-तीन चौकांतून फिरून आली आणि म्हणाली, "आई, हे तर आपल्या पांडवलेण्यांसारखं आहे! मध्ये मोकळी जागा आणि चहूबाजूंनी झोपायच्या खोल्या."

तिने बरोबर ओळखले होते. नाशिकची लेणी काय, कार्ले-भाजे काय किंवा अजिंठा काय, भिक्षूंच्या निवासाची मांडणी हीच. फरक एवढाच की आपल्याकडचे विहार सह्याद्रीच्या कातळात खोदलेले. ते कोणाला उचलून नेता आले नाहीत. इथले विहार विटांचे, आणि वीट कोणालाही लागते. सातव्या शतकात चिनी प्रवासी ह्युएनत्संग आला तेव्हा इथे दीड हजार भिक्षू राहत होते. बाराव्या शतकात गाहडवाल राजा गोविंदचंद्राची राणी कुमारदेवी हिने इथे एक विहार उभारला. राजघराणे वैदिक परंपरेचे, राणी बौद्ध; तरी काही अडले नाही. तिचा संस्कृत शिलालेख १९०८ साली मातीतून निघाला. त्या शतकाच्या अखेरीस घोरी सैन्याने बनारस लुटले. त्यानंतर विहार ओस पडले, ते पुन्हा वसले नाहीत. मग सहाशे वर्षे माती, झाडोरा आणि विसर.

चालता चालता मंडळी एका गोल चौथऱ्यापाशी आली. वर काहीच नाही. जमिनीलगत विटांची वर्तुळे, एकात एक. हा धर्मराजिका स्तूप. सम्राट अशोकाने बांधलेला आणि पुढच्या शतकांत आवरणावर आवरण चढून मोठा होत गेलेला.

"एवढा मोठा होता तर गेला कुठे?" आजींनी विचारले.

सुनेने सांगितलेली हकिगत अशी. १७९४ साली काशीत जगतगंज नावाचा मोहल्ला बांधला जात होता. बांधणारे बाबू जगतसिंह. राजा चेतसिंहांचे दिवाण म्हणून त्यांचा उल्लेख होतो. विटांसाठी त्यांच्या माणसांनी हा स्तूप खणला. आत खोलवर एक दगडी पेटी लागली. पेटीत हिरव्या संगमरवराचा करंडक आणि करंडकात थोडी मानवी हाडे, झिजलेले मोती, सोन्याचे पत्रे. त्या वेळी बनारसला जोनाथन डंकन हा कंपनीचा रेसिडेंट होता. काशीचे संस्कृत कॉलेज १७९१ साली त्याच्याच पुढाकाराने निघाले. ही सगळी हकिगत त्याने लिहून ठेवली, म्हणून ती आपल्याला कळते. पुढच्याच वर्षी, १७९५ मध्ये, तो मुंबईचा गव्हर्नर झाला आणि १८११ मध्ये तिथेच वारला. फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये त्याचे स्मारक आहे.

"आणि हाडं?" आजींनी विचारले.

"गंगेत सोडली."

आजी थबकल्या.

"डंकननं लिहिलंय, ती कोणाची असावीत यावर तेव्हा तर्क चालले होते," सून म्हणाली. "कोणी म्हणालं, एखाद्या सती गेलेल्या राणीची असतील. कोणी म्हणालं, गंगेत सोडायची म्हणून तात्पुरती ठेवली असतील आणि राहून गेली असतील. बुद्धाच्या अनुयायांशी त्यांचा संबंध असावा, असं डंकनला वाटलं. पण तोवर ती पाण्यात गेली होती."

"राहून गेली असतील..." आजी स्वतःशीच म्हणाल्या. थोड्या वेळाने त्या बोलल्या, तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता. "त्यांना तरी काय बोल लावायचा? बेवारशी अस्थी सापडल्या, जवळ गंगा होती. मी असते तर मीही तेच केलं असतं. काल तेच तर केलं."

खरोखर, सारनाथच्या साऱ्या कहाणीतली ही सर्वांत अवघड जागा आहे. देवळे-विहार पाडणाऱ्यांवर रागावणे सोपे असते. पण ज्याने त्या अस्थी गंगार्पण केल्या, त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे पुण्याचेच काम केले होते. त्याला ठाऊक नव्हते ते इतकेच की, या अस्थी ठेवणाऱ्यांची रीत निराळी होती. आपण वाहत्या पाण्यात सोडून मोकळे होतो. त्यांनी दगडाच्या पेटीत जपून त्यावर स्तूप रचला होता. दोन्ही रीती आदराच्याच. पण एका रीतीचा माणूस दुसऱ्या रीतीचा ठेवा न ओळखता हाताळू लागला की असे होते. अलीकडे जगतसिंहांचे वंशज म्हणतात की त्यांच्या पूर्वजांना नुसते मोडणारे म्हणू नये, त्या खोदकामामुळेच सारनाथ जगापुढे आले. त्यातही तथ्य नाही असे नाही.

या कहाणीला आणखी एक धागा आहे. चाळीस वर्षांनी, १८३५ च्या सुमारास, अलेक्झांडर कनिंगहॅम हा तरुण इंग्रज अधिकारी इथे खोदकाम करू लागला. जगतसिंहांना पेटी नेमकी कुठे सापडली हे त्याला कोणत्याही कागदात मिळाले नाही. ती जागा दाखवली जवळच्या गावातल्या शंकर नावाच्या एका म्हाताऱ्याने. लहानपणी तो त्या खोदकामावर मजूर होता. त्याने बोट दाखवले तिथे खणले आणि बाहेरची दगडी पेटी पुन्हा मिळाली. आज ती कोलकात्याच्या संग्रहालयात आहे. एका म्हाताऱ्याला आठवत होते आणि कोणीतरी त्याला विचारले, एवढ्यावर ते काम झाले.

चौथऱ्याच्या पलीकडे पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायकांचा एक जथा बसला होता. त्यांचे वंदनेचे स्वर थांबले आणि मराठी बोलणे कानावर आले. आजींना राहवले नाही.

"कुठल्या हो तुम्ही?"

"आम्ही उमरेडकडचे," एका वयस्क बाईंनी सरकून जागा दिली. "तुम्ही नासिकचे काय? मंग तं आपलेच. बसा जी."

महाराष्ट्रातून, विशेषतः विदर्भातून, दरवर्षी असे असंख्य लोक सारनाथला येतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेतल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर नेपाळमधील परिषदेला गेले आणि परतताना नोव्हेंबरच्या अखेरीस बनारस-सारनाथला आले होते. त्यानंतर काही दिवसांतच, ६ डिसेंबरला, त्यांचे निर्वाण झाले. म्हणून या मंडळींना हा परिसर दुहेरी आठवणीचा.

दोघी म्हाताऱ्या घर-संसाराचे बोलल्या. उमरेडच्या बाईंचे मालकही दोन वर्षांमागे गेले होते. "त्याहिची राख वावरातल्या आंब्याखाली टाकली," त्या म्हणाल्या. "यंदा खूप मोहोर आला."

आजींनी काल गंगेवर काय केले ते सांगितले. मग त्या मोकळ्या चौथऱ्याकडे पाहत म्हणाल्या, "इथल्याही गंगेतच गेल्या म्हणे. तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"वाटते ना. कावून नाही वाटनार?" त्या बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. "पन हाडं गेली, तरी भगवान बुद्धानं इथं जे सांगतलं ते तं गेलं नाही. आयकनाऱ्यानं ध्यानात ठेवलं, मंग कोनी लिहून ठेवलं, म्हनून आपल्याले समजलं. नाही तं इथं नुसत्या इटाच रायल्या असत्या."

त्यांनी पिशवीतून संत्री काढून नातीच्या हातात ठेवली. नागपूरची होती, हे सांगायची गरज नव्हती.

दुपारी डबा खाऊन मंडळी संग्रहालयात गेली. (संग्रहालय शुक्रवारी बंद असते, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.) दारातून आत शिरताच समोर चार सिंह. १९०४-०५ च्या हंगामात ओर्टेल नावाच्या अभियंत्याने केलेल्या उत्खननात अशोकस्तंभाचा हा शिरोभाग मिळाला. उंची सुमारे सात फूट. चुनारचा दगड, पण लकाकी आरशासारखी. २६ जानेवारी १९५० पासून हे आपले राष्ट्रचिन्ह आहे. नात खिशातले नाणे काढून ताडून पाहत होती. आजी मात्र वेगळेच काही आठवून हसल्या.

"सरकारी टपालाच्या तिकिटांवर हेच सिंह असायचे. ह्यांचं सारं आयुष्य त्यांच्यावर शिक्के मारण्यात गेलं. कधी बघायला मात्र मिळाले नाहीत."

स्तंभाचा मोडका बुंधा बाहेर आवारात, जागच्या जागी आहे. त्यावर अशोकाची आज्ञा कोरलेली आहे. संघात कोणी फूट पाडू नये, पाडील त्याला पांढरी वस्त्रे देऊन विहाराबाहेर ठेवावे. पुढे राजा बजावतो की, या आज्ञेची एक प्रत अधिकाऱ्यांच्या कचेरीत राहू द्या आणि एक प्रत साध्या उपासकांजवळ ठेवा. दगडावर कोरूनही त्याला ते पुरेसे वाटले नव्हते. लेख लोकांच्या हातीही असावा, ही त्याची काळजी होती.

शेजारच्या दालनात धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेतली गुप्तकालीन बुद्धमूर्ती आहे. डोळे किंचित मिटलेले, बोटे काहीतरी समजावून सांगताना जुळलेली. बैठकीवर पाच शिष्य कोरले आहेत आणि त्यांच्या शेजारी एक बाई आणि मूल. मूर्ती घडवून दान देणारी ती हीच असावी, असे जाणकार मानतात. तिचे नाव कुठेच नाही. आजी बराच वेळ खाली वाकून तिच्याकडे पाहत राहिल्या.

उन्हे कलल्यावर मूलगंधकुटी विहारात जाऊन मंडळी टेकली. श्रीलंकेच्या अनागारिक धर्मपालांनी स्थापन केलेल्या महाबोधी सोसायटीने हा विहार बांधला आणि १९३१ साली तो उघडला. भिंतींवर कोसेत्सु नोसू या जपानी चित्रकाराने बुद्धचरित्र रंगवले आहे. उत्खननात मिळालेले बुद्धांचे अस्थी-अवशेष या विहारात जपले आहेत. कार्तिक पौर्णिमेला ते दर्शनासाठी बाहेर काढतात. धर्मराजिकेच्या अस्थी गंगेला मिळाल्या त्या मिळाल्या. पण सारनाथला पुन्हा अस्थी आल्या, आणि या वेळी त्या कोणाच्या आहेत हे माहीत असणारी माणसे भोवती आहेत.

परतीच्या वाटेवर कोणी फारसे बोलत नव्हते. वरुणेच्या पुलावर गर्दी झाली आणि गाडी थांबली. आजी खिडकीतून पाण्याकडे पाहत होत्या.

"अरे," त्या मुलाला म्हणाल्या, "रद्दीवाल्याला इतक्यात सांगू नकोस."

"बरं. पण आई, ठेवायच्या कुठे? तुला माहीतच आहे, आपल्या फ्लॅटमध्ये..."

"सगळ्या ठेव असं म्हणत नाही मी. आधी वाचून तर बघू. मला आता बारीक दिसत नाही. तुमच्यापैकी कोणीतरी रोज थोडं थोडं वाचून दाखवा. मग काय ठेवायचं, काय नाही, ते ठरवू. न बघता नको."

मुलाने मागे वळून आईकडे पाहिले आणि मान हलवली. "मी वाचीन," तो म्हणाला.

नात मध्येच म्हणाली, "आजी, माझा जन्म झाला त्या दिवशी आजोबांनी काय लिहिलं असेल?"

गाडीत कोणालाच ते ठाऊक नव्हते. आजींनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाल्या, "ती वही ट्रंकेत बहुधा वरच असेल. गेल्यावर पहिली तीच काढू."